पंधरा गोळ्या आणि एक एक्सेल शीट

गेले तीन विकांत इथे काहीच टाकलं नाही. एक तर हापिसात रिलीज होता. आणि दुसरं म्हणजे, जे लिहायचं होतं त्यातला व्हिलन मीच आहे हे लक्षात आल्यावर टंकायचा उत्साह जरा मावळतो. पण आता लिहूनच टाकतो.

तर गोष्ट आहे माझ्या एका एक्सेल शीटची.

जून २०२३ मध्ये मी ती बनवली. आजी साताऱ्याला, आई-बाबा तिच्याजवळ, मी इथे पुण्यात. आजीच्या गोळ्या तेव्हा अकराच्या आसपास गेल्या होत्या आणि बाबांचा रोज गोंधळ व्हायचा. रात्रीची सकाळी दिली, एक संपलीच, दुसरीचे दोन महिन्यांचे स्टॉक पडून, असं सगळं. मग एका रविवारी मी बसलो. औषधाचं नाव, कशासाठी, सकाळ-दुपार-रात्र, उपाशीपोटी की जेवणानंतर, सुरू केल्याची तारीख, किती शिल्लक. सात दिवसांपेक्षा कमी स्टॉक उरला की ती ओळ आपोआप लाल. बाबांच्या फोनवर अलार्म. ऑनलाइन मेडिकलवर दर महिन्याची ऑर्डर आपोआप जाईल अशी सोय, वर घसघशीत सूटही. आजीसाठी सात दिवसांचा, रोजच्या तीन कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा.

सिस्टिम इतकी झकास चालली की मी लंचला टीमला दाखवली. दोघांनी टेम्प्लेट मागून घेतलं. एकाने डोंबिवलीला आईसाठी वापरलं, एकीने नागपूरला वडिलांसाठी. चौदा महिन्यांत आजीची एकही गोळी चुकली नाही. शंभर टक्के अपटाइम म्हणा ना!

आणि त्या चौदा महिन्यांत आजी हळूहळू विझत गेली.

आता जरा भांडायचं आहे, तेव्हा आधी मुद्दा सांगतो आणि मग पुढची गोष्ट. म्हाताऱ्या माणसांच्या औषधांच्या बाबतीत आपली अख्खी पिढी चुकीचा प्रॉब्लेम सोडवत बसली आहे. आपण सगळे 'गोळी वेळेवर कशी जाईल' यावर डोकं लावतोय. ॲप, डबे, अलार्म, ऑटो-रिफिल. 'ही गोळी का चालू आहे आणि ती कधी बंद होणार' हे विचारायची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. डॉक्टरांची नाही, मेडिकलवाल्याची नाही, सरकारची नाही, आणि आपली तर नाहीच नाही, कारण आपण लांब राहतो आणि पैसे पाठवतो.

माझ्या शीटमध्ये 'सुरू केल्याची तारीख' असा कॉलम होता. 'बंद करायची तारीख' असा कॉलम नव्हता. मला सुचलाच नाही. इंजिनिअर माणूस मी, दिवसभर लॉग रोटेट करतो, सर्टिफिकेटच्या एक्स्पायरीवर अलर्ट लावतो. आणि आजीच्या शीटला एंड डेट नाही.

झालं असं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मामेबहिणीचं लग्न होतं. जेवणावळी झाल्या, आजीला पित्ताचा त्रास झाला, पोट फुगायला लागलं. साताऱ्यातल्याच एका पोटाच्या डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक कॅप्सूल दिली. आजीला मस्त बरं वाटलं. त्यामुळे ती चालू राहिली. कोणी चालू ठेवली? कोणीच नाही. बाबा मेडिकलमध्ये रिकामी स्ट्रिप दाखवायचे आणि मेडिकलवाला नवीन काढून द्यायचा. घरात तिचं नाव 'गॅसची'. आजीच्या लेखी ते औषधच नव्हतं, बडीशेप असते तसं काहीतरी.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता आजीचा उजवा हात थरथरायला लागला. आधी थोडा, मग चहाची बशी वाजेल इतका. चालणं मंदावलं. चेहऱ्यावर हसू कमी झालं, म्हणजे ती हसायची पण चेहरा हसायचा नाही, कसं सांगू... आम्ही म्हटलं वय झालं, सत्त्याहत्तर वर्षं म्हणजे काय कमी आहेत का? जानेवारी २०२३ मध्ये मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रीतसर विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" बाबांनी सांगितलं, "बीपी, शुगर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल." 'गॅसची' सांगितलीच नाही. ती काय सांगायची?

कंपवाताच्या दोन गोळ्या सुरू झाल्या. थरथर किंचित कमी झाली. पण तोंडाला सतत कोरड, बद्धकोष्ठ आणि रात्रीचा गोंधळ सुरू झाला. मध्यरात्री उठून आजोबांना हाका मारायची. आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मग पोट साफ व्हायचं औषध आलं. मग झोपेची गोळी आली. जानेवारी २०२४ मध्ये गुडघे दुखतात म्हणून हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं, तिथून चार गोष्टी आल्या: कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाची आठवड्याची पुडी, दुखण्याची गोळी आणि दुखण्याच्या गोळीने पोटाला त्रास होऊ नये म्हणून एक ॲसिडिटीची गोळी. एकूण पंधरा. मी शीटला चार ओळी वाढवल्या, अलार्म सेट केले, झोपलो.

ऑगस्ट २०२४. पहाटे तीनला आजी बाथरूमला जायला उठली आणि पडली. मनगट मोडलं. खुबा वाचला हे नशीब.

प्लास्टर घालायला ज्या हॉस्पिटलमध्ये नेलं तिथे एक फिजिशियन बाई होत्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मी माझी शीट प्रिंट काढून नेली होती, लॅमिनेट करून! त्यांनी बघितली, छान आहे म्हणाल्या, आणि बाजूला ठेवली. म्हणाल्या, "उद्या घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, बाटल्या, पुड्या, चूर्णं, जे काही आजी तोंडात टाकतात ते सगळं पिशवीत घालून आणा. नावं नकोत, वस्तू आणा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी टेबलावर ओतली आणि एकेक स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायला लागल्या. 'गॅसची' हातात घेतली आणि थांबल्या. त्या कॅप्सूलमध्ये दोन औषधं होती. एक रॅबेप्रॅझोल, म्हणजे ॲसिड कमी करणारं. दुसरं लेव्होसल्पिराइड. हे दुसरं जे आहे ते मेंदूतल्या डोपामिनचा मार्ग अडवतं. पोटाची हालचाल सुधारायला ते देतात, पण मूळचं ते मानसिक आजारांवरच्या औषधांच्या घराण्यातलं. म्हाताऱ्या माणसांत ते फार दिवस चाललं तर हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. हात थरथरणं, चालणं मंदावणं, चेहरा निर्विकार होणं. डॉक्टरांच्या पुस्तकांत हे कधीचंच लिहिलेलं आहे, काही गुपित नाही.

"आजी, हात कधीपासून थरथरतो?"

"नवरात्रात वाती वळायला बसले आणि जमेना, तेव्हापासून."

आम्ही कोणी ही तारीख सांगू शकलो नसतो. कॅप्सूलची तारीख मात्र माझ्या शीटमध्ये होती. फेब्रुवारी २०२२. आणि नवरात्र त्याच वर्षीचं. सात महिने.

आता गंमत बघा. (गंमत कसली.) कंपवातात मेंदूत डोपामिन कमी पडतं, म्हणून आजीला ते भरून काढणारी गोळी चालू होती. आणि सकाळी उपाशीपोटी आजी तेच डोपामिन अडवणारी कॅप्सूल घेत होती. एक प्रोसेस डेटा लिहितेय आणि दुसरी त्याच टेबलला लॉक लावून बसली आहे. दोन्हींना अलार्म मीच लावलेले.

बाबांनी घरी आल्यावर जुनी फाइल काढली. पोटाच्या डॉक्टरांचा फेब्रुवारी २०२२ चा कागद सापडला. त्यावर कॅप्सूलच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: '× १५ दिवस'.

पंधरा दिवस! अडीच वर्षं चालली. त्यातली शेवटची चौदा महिने माझ्या ऑटो-रिफिलने, सवलतीच्या दरात.

त्यामुळे 'डॉक्टर लुटतात' छाप लेख वाचायला जे आलेत त्यांनी इथूनच परत फिरावं. या गोष्टीतल्या एकाही डॉक्टरने चुकीचं असं काही लिहिलेलं नव्हतं. पोटाच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांचं दिलं. मेंदूच्या डॉक्टरांनी समोर जे दिसलं आणि जे सांगितलं त्यावर दिलं. हाडाच्या डॉक्टरांनी हाडांपुरतं बघितलं. प्रत्येक मॉड्यूल आपापल्या टेस्ट पास होतंय. पण इंटिग्रेशन टेस्ट कोणाच्या स्कोपमध्येच नाही.

ज्यांनी दहा-पंधरा वर्षं जुन्या कोडवर काम केलंय त्यांना हे लगेच कळेल. एक फंक्शन असतं. ते का लिहिलंय कोणालाच माहीत नाही. लिहिणारा कंपनी सोडून गेला. काढून टाकलं तर काय फुटेल ठाऊक नाही, ठेवलं तर निदान आज तरी काही फुटत नाही. मग सगळे त्याला वळसा घालून नवीन कोड लिहितात. कोड वाढवणाऱ्याला अप्रेझलमध्ये टाळ्या मिळतात, कोड काढणाऱ्याला विचारतात, "कशाला हात लावलास?" म्हाताऱ्या माणसाची औषधांची यादी म्हणजे असाच लेगसी कोड. फरक इतकाच की इथे प्रॉडक्शन सर्व्हर म्हणजे आपली आजी.

जोड्यांचा साधा हिशोब करा. सात औषधं असतील तर त्यांच्या आपापसातल्या जोड्या होतात एकवीस. पंधरा असतील तर १०५. औषधं दुप्पट झाली, जोड्या पाचपट. या १०५ जोड्यांकडे आमच्या घरात कोण बघत होतं? मी बघत होतो का? मी स्टॉक बघत होतो.

त्या पिशवीतून आणखी काय काय निघालं ते ऐका. रॅबेप्रॅझोल आणि पँटोप्रॅझोल ही दोन्ही एकाच जातीची ॲसिडची औषधं, माझ्या शीटमध्ये एक 'गॅसची' आणि एक 'ॲसिडिटीची' म्हणून गुण्यागोविंदाने नांदत होती. क्रोसिन आणि कालपोल म्हणजे दोन्ही पॅरासिटामॉलच, हे निदान आपल्याला ठाऊक असतं. बाकीच्या शेकडो ब्रँडनावांचं काय? ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठ आठवडे घ्यायची होती, ती तीसहून जास्त आठवडे झाली. हे जीवनसत्त्व अंगात साठतं. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, आणि मग बद्धकोष्ठ, गोंधळ आणि किडनीला त्रास. 'जीवनसत्त्व आहे, काय होतंय' असं नसतं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतंच, त्यावर रोज दुखण्याची गोळी. हे त्रिकूट किडनीला अजिबात मानवत नाही. क्रिएटिनिन वाढलेलं होतं, रिपोर्टमध्ये ठळक अक्षरात छापलेलं होतं, फाइलमध्ये व्यवस्थित लावलेलं होतं.

खोकल्यासाठी आजी रोज ज्येष्ठमधाचा तुकडा चघळायची. तेही पिशवीत आलं. ज्येष्ठमध रोजच्या रोज घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. 'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नसतात' हे वाक्य म्हणणाऱ्या प्रत्येक काकांना माझा साष्टांग नमस्कार. ज्याला इफेक्ट आहे त्याला साइड इफेक्टही असणार ना राव.

आणि आता माझा खास, स्वहस्ते लिहिलेला बग. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते आणि कॅल्शियम तिच्यापासून किमान चार तास लांब ठेवायचं असतं, नाहीतर थायरॉइडचं औषध अंगात नीट शोषलंच जात नाही. हाडाच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर लिहिलं होतं. पण दुपारी आई शाळेत असते आणि बाबा डुलकी काढतात. म्हणून मी 'ऑप्टिमाइझ' केलं. कॅल्शियम सकाळच्या कप्प्यात सरकवलं. एक अलार्म वाचला! एप्रिल २०२४ मध्ये टीएसएच वाढलेला निघाला. डॉक्टरांनी थायरॉइडचा डोस वाढवला. मी शीटमध्ये २५ मायक्रोग्रॅम वाढवून सेल हिरवा केला.

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. आज लिहिलं.

बरं, या प्रकाराला नावगाव नाही अशातला भाग नाही. एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध, मग त्याच्यावर तिसरं, या साखळीला डॉक्टरी भाषेत 'प्रिस्क्रायबिंग कॅस्केड' म्हणतात, आणि हा शब्द नव्वदच्या दशकातला आहे. म्हाताऱ्या माणसांना शक्यतो कुठली औषधं देऊ नयेत याची यादी मार्क बीअर्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९९१ साली केली. ती अजूनही सुधारली जाते, २०२३ ची आवृत्ती आहे. आयर्लंडमधल्या डॉक्टरांनी २००८ साली स्वतःची यादी काढली, काय थांबवावं आणि काय राहून गेलंय ते सुरू करावं, दोन्ही. ऑस्ट्रेलियात २००१ पासून फॅमिली डॉक्टरने चिठ्ठी दिली की फार्मासिस्ट घरी येऊन सगळी औषधं तपासतो, आणि त्याचे पैसे सरकार देतं. म्हणजे ती पिशवी ओतण्याचं काम. ते काही रॉकेट सायन्स नाही, ते कोणाचं तरी ठरलेलं आणि पगारी काम असावं लागतं, बास.

आपल्याकडे कागदावर काय कमी आहे? १९४५ च्या औषध नियमांत स्पष्ट म्हटलंय की डॉक्टरने तसं लिहिलेलं नसेल तर एका प्रिस्क्रिप्शनवर एकापेक्षा जास्त वेळा औषध द्यायचं नाही. रिकामी स्ट्रिप हे तर प्रिस्क्रिप्शनही नव्हे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये फार्मासिस्टने औषध देण्याआधी काय तपासायचं तेही आहे: एकच औषध दोनदा जातंय का, दोन औषधं एकमेकांशी भांडतायत का. आता मला सांगा, तुमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये शेवटचं असं कोणी कधी विचारलं? तिथे काउंटरवर जो मुलगा उभा असतो तो भिंतीवर फ्रेममध्ये लावलेल्या सर्टिफिकेटवरच्या फोटोतला नसतो, हे आपल्याला चांगलं माहीत असतं. आणि विचारलंच तर आपण काय म्हणतो? "अहो, नेहमीची आहे, द्या ना पटकन. गाडी डबल पार्क केलीय."

कोणी म्हणेल आता डिजिटल होतंय सगळं. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालं, चौदा आकडी आभा नंबर आहे, सगळे रेकॉर्ड एका जागी येतील. येऊ देत की. माझा पोटापाण्याचा धंदाच तो आहे. पण धंद्यातला माणूस म्हणूनच सांगतो, डेटा एका जागी आला म्हणजे तो कोणी वाचला असं होत नाही. आमची फाइलही एका जागीच होती. पोटाच्या डॉक्टरांचा कागद मेंदूच्या डॉक्टरांच्या कागदाच्या बरोब्बर खाली पंच करून लावलेला होता.

आणि डॉक्टरांच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत. बाहेर पस्तीस पेशंट बसलेत. एका म्हाताऱ्या बाईची पंधरा औषधं उलगडायला पाऊण तास जातो. त्या पाऊण तासाचे वेगळे पैसे आपण देतो का? तपासून "काही नको, दोन गोळ्या बंद करा" म्हणणाऱ्या डॉक्टरकडून बाहेर पडताना आपण काय म्हणतो? "पाचशे रुपये घेतले आणि काहीच दिलं नाही." दुसरं, गोळी बंद केली आणि महिन्याभरात पेशंटला झटका आला तर नातेवाईक काचा फोडतात. गोळी चालू ठेवली आणि पेशंट दोन वर्षांत हळूहळू विझला तर त्याला आपण म्हणतो 'वय झालं होतं'. सांगा, तुम्ही डॉक्टर असता तर काय केलं असतं?

बाबांचंही हेच. बाईंनी गोळ्या कमी करू म्हटल्यावर ते केवढे बिथरले! "एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, आपण कोण बंद करणारे?" मी म्हटलं, "बाबा, पंधरा दिवसच लिहून दिलं होतं." त्यावर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी आईला म्हणाले, "मीच देत होतो रोज. हातावर ठेवत होतो." मला ते स्वयंपाकघरातून ऐकू आलं. मी बाहेर गेलो नाही. काय बोलणार होतो?

एक गोष्ट ठळक अक्षरात लिहायला हवी, नाहीतर कोणीतरी हे वाचून उद्याच घरच्या गोळ्या कचऱ्यात टाकेल. स्वतःच्या डोक्याने काहीही बंद करायचं नाही. झोपेच्या गोळ्या, हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या काही बीपीच्या गोळ्या, स्टेरॉइड, फिटची औषधं, ही अचानक तोडली तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. स्टेंटनंतरची रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करणं म्हणजे तर आत्महत्याच. कंपवाताच्या गोळ्याही एकदम थांबवत नाहीत. आमच्या बाईंनी आधी ती कॅप्सूल थांबवली, मग मेंदूच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून त्या दोन गोळ्या आठवड्या-आठवड्याने उतरवल्या, झोपेची पाव-पाव कमी करत दोन महिन्यांत संपवली. एका वेळी एकच बदल. म्हणाल्या, "चार गोष्टी एकदम बदलल्या तर काय कशामुळे झालं ते मला कळणार नाही." हे वाक्य मी आमच्या आर्किटेक्टच्या क्यूबिकलवर चिकटवणार आहे :)

झोपेची गोळी उतरवतानाचे तीन आठवडे भयाण होते. आजी रात्र रात्र जागी, आम्हाला सगळ्यांना शिव्या. आईने महिनाभर डोळ्याला डोळा लावला नाही, मी पुण्यात आरामात झोपत होतो हेही लिहायला पाहिजे.

शुगरच्या दोनपैकी एक गोळीही गेली. आजीचं तीन महिन्यांच्या सरासरीचं शुगर ६.२ होतं, आणि आम्ही ते पेढ्यासारखं सगळ्यांना वाटत होतो. बाई म्हणाल्या, एकोणऐंशीव्या वर्षी इतकं कमी शुगर हे बक्षीस नाही, धोका आहे. पहाटे शुगर उतरली तर म्हातारं माणूस चक्कर येऊन पडतं. चाळिशीतल्या माणसाचं टार्गेट ऐंशीच्या माणसाला लावायचं नसतं. वयानुसार किडनी मंदावते, अंगातलं पाणी कमी होतं, औषध जास्त वेळ अंगात राहतं. दहा वर्षांपूर्वी बरोबर असलेला डोस आज बरोबर असेलच असं नाही. हे मला एकोणतिसाव्या वर्षी कळलं.

पाच महिन्यांनी पंधरावरून सहावर आलो. जोड्या १०५ वरून पंधरा. पोट साफ व्हायचं औषध 'लागलं तर'. कॅल्शियम पुन्हा दुपारी. टीएसएच उतरला, थायरॉइडचा वाढवलेला डोस परत खाली आला. थरथर बरीच गेली, सगळी नाही. डाव्या हाताला अजून कधीकधी असते, आणि मेंदूचे डॉक्टर म्हणतात की आत मुळातच थोडं काही असेल तर ते पुढे कळेल, लक्ष ठेवू. म्हणजे सिनेमासारखा शेवट नाही. पण रात्री आजोबांना हाका मारणं बंद झालं. आणि ती हसली की आता चेहराही हसतो.

मात्र गोळ्या कमी झाल्याचा आनंद आजीला झाला असेल असं वाटत असेल तर तसं नाही. एकदा दुपारी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "खरं सांग हं. गोळ्या काढल्या म्हणजे आता काही उपयोग नाही म्हणून काढल्या ना?" मी सटपटलोच. तिच्या दृष्टीने डब्यातली प्रत्येक गोळी म्हणजे घरच्यांना आपली काळजी असल्याची पावती होती. आणि खोटं कशाला बोला, आमच्याही दृष्टीने तेच होतं. आजीसाठी मी काय करतो? शीट सांभाळतो. शीटमध्ये पंधरा ओळी म्हणजे पंधरा ओळींची माया. मी तिला तासभर समजावलं. पटलं की नाही माहीत नाही. संध्याकाळी कापूस घेऊन वाती वळत बसली होती.

(आणि हो, हे सगळं ज्यांना परवडतं त्यांचं दुखणं आहे याची कल्पना आहे. आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींच्या आई बीपीची गोळी एक दिवसाआड घेतात, पैसे पुरत नाहीत म्हणून. तिथे प्रश्न गोळ्या कमी करायचा नाही, मिळवायचा आहे. दोन्ही प्रश्न एकाच गल्लीत राहतात.)

ज्या दोघांना टेम्प्लेट दिलं होतं त्यांना मी मेल केला. नवीन शीट जोडली आहे, त्यात दोन कॉलम जास्त आहेत: 'का' आणि 'कधीपर्यंत'. आणि नावाच्या जागी ब्रँड नाही, स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं. हे कॉलम मुलाने भरायचे नाहीत, डॉक्टरांसमोर बसून त्यांच्याकडून भरून घ्यायचे. भरता आला नाही तर रिकामा ठेवायचा, अंदाजे काही लिहायचं नाही. नागपूरवालीचं उत्तर आलं. वडिलांच्या बारा ओळींपैकी पाच ठिकाणी 'का' रिकामा आहे. डोंबिवलीवाल्याचं अजून उत्तर नाही, त्याचाही रिलीज चालू आहे.

उद्या साताऱ्याला चाललोय. मघाशी फोन करून बाबांना सांगितलं, घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत भरून ठेवा.

"आजीच्या परत?"

"नाही, तुमच्या."

"माझ्या कशाला? माझ्या पाचच तर आहेत."